सहावा खण

३ जून

प्रिय भिंगरी,

अकरा वर्षांनी लिहायला बसले आणि मायना काय लिहावा यावरच दोन कागद फुकट गेले. आशीर्वाद लिहिला तर तू म्हणणार, आता बरे सुचतात. नाही लिहिला तर तुझी आई म्हणणार, सख्ख्या भाचीला कोरडं पत्र. म्हणून सध्या नुसतंच ‘प्रिय’. तेवढं खरं आहे.

पत्ता ताईनेच दिला. देताना म्हणाली, “देते, पण तिच्या मागे लागू नकोस. ती आता शाळेत गणित शिकवते आणि बरी आहे.” फोन तू उचलत नाहीस, मेसेज पाठवला तर एकच खूण उमटते. राहता राहिला कागद.

निमित्त असं की मागच्या आठवड्यात आपल्या जुन्या कारखान्यातून एक इंजिनिअर माझ्या घरी आली होती. तीस-बत्तीसची असेल. हिला आपण चष्मेवाली म्हणू, कारण चष्मा डोक्यावर आणि बाईसाहेब शोधतात टेबलावर. आपली पेटी अजून चालू आहे, भिंगरी. दिवसांआधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणारी तीच काचेची पेटी, तोच माझा असेंब्लीतला, म्हणजे चिपच्या मूळ हुकुमांच्या भाषेतला प्रोग्राम. पंचवीस वर्षं झाली. मी निवृत्त झाले, माझे गुडघे निवृत्त झाले, प्रोग्राम कामावर आहे. आता त्यांना नवी पेटी काढायची आहे. चिप त्याच घराण्यातली, फक्त मेमरी भरपूर. आणि प्रोग्राम लिहायचाय ‘सी’ भाषेत, जिचे चिपला कळणारे हुकूम कंपायलर बनवतो. त्यावर माझं मत हवंय. चोवीस तारखेला समितीची बैठक आहे, तिथे मी लेखी मत द्यायचं.

हसलीस ना? मीही हसले. जेवणाच्या सुट्टीत आपण दोघी यावरून इतक्या भांडायचो की शेजारच्या टेबलावरचे लोक डबे उचलून दुसरीकडे जायचे. मी म्हणायचे, चिपशी तिच्याच भाषेत बोलावं, एकेक हुकूम स्वतःच्या हाताने द्यावा. कंपायलर म्हणजे दुभाषा, आणि दुभाष्याच्या भरवशावर कोणी सोयरीक जमवतं का? तू म्हणायचीस, “मावशी, तुझ्या भाषेत तू एकटीच बोलतेस आणि एकटीच ऐकतेस. तू गेल्यावर ते वाचणार कोण?” मला राग यायचा. ‘तू गेल्यावर’ याचा नव्हे, ‘वाचणार कोण’ याचा.

तर मत काय द्यावं, असं तुला विचारावंसं वाटलं. या विषयावर मी ज्यांच्याशी भांडले त्यांतली तूच एक कामाची होतीस.

मावशी

११ जून

भिंगरी,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी रोज दुपारी जिना उतरून पत्रपेटी बघते. तेवढाच गुडघ्यांना व्यायाम.

चष्मेवाली परत येऊन गेली. तिने सगळा आराखडा टेबलावर पसरला. मुलगी हुशार आहे, तुझ्यासारखी बोलताना हात फार हलवते. बाळाचं तापमान किती असावं, हीटर कधी लावायचा, कधी बंद करायचा, गजर कधी वाजवायचा, हे सगळे निर्णय नव्या भाषेत लिहिले जातील. म्हणजे तू तेव्हा जे लिहिलं होतंस तेच. पण सेन्सर वाचणारा भाग माझाच ठेवणार. सेकंदातून पन्नास वेळा चालू काम थांबवून, तापमान वाचून, काम जिथल्या तिथे परत सुरू करून देणारा तो भाग. त्यातलं एक अक्षरही बदलणार नाही म्हणाली. “पंचवीस वर्षांत त्याच्याबद्दल एक तक्रार नाही, मॅडम. आमचे मोठे साहेब म्हणतात, मॅडमच्या कोडला हात लावायचा नाही.”

पूर्वी हे ऐकून मी आठवडाभर जमिनीवरून दोन बोटं वर चालले असते. या वेळी मी आराखडा स्वतःकडे ओढून घेतला.

मी तिला सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “त्या भागाच्या सुरुवातीला सहावा खणही जपून ठेवत जा. शेवटी परत भरायचा. दोन ओळींचं काम आहे.”

तिने लगेच वही उघडली. “करते. फेरफार वहीत कारण काय लिहू?”

फेरफार वही तुला आठवत असेल. निळी, जाड पुठ्ठ्याची, पानांवर छापील आकडे, म्हणजे कोणी पान फाडू नये. कोडमधली एक ओळ बदलायची तरी तारीख, काय बदललं, का बदललं, दोन सह्या. ती पद्धत मीच सुरू केली होती. ‘का’चा रकाना रिकामा ठेवणाऱ्याला मी सगळ्यांसमोर झापत असे.

मी म्हटलं, “सवय म्हणून लिही.”

“सवय हे कारण वहीत चालत नाही ना, मॅडम. वहीच्या पहिल्या पानावर तुमच्याच अक्षरात लिहिलंय.”

मी चहा टाकायला उठले. चहा होईपर्यंत ती ते विसरली, किंवा माझा मान राखून गप्प बसली. जाताना सांगून गेली की चोवीसला मंजुरी मिळाली की दोनशे पेट्यांमध्ये हा प्रोग्राम भरला जाईल.

पत्र इथेच संपवायचं होतं. पण एक विचारते. तू कारखाना सोडून गेलीस त्याच्या आदल्या दिवशी, कपाटापाशी उभी राहून मला काय विचारलं होतंस ते तुला आठवतं का? मला शब्द न् शब्द आठवतो.

मावशी

१७ जून

भिंगरी,

हे पत्र सकाळपासून लिहिते आहे. तुला यातलं बरंचसं माझ्याइतकंच कळतं. तरी सगळं उलगडून लिहिणार, कारण समितीत डॉक्टर आहेत, साहेब आहेत, त्यांच्यापुढेही हेच बोलायचं आहे. आणि मला एकदा ते पूर्ण वाक्यांत मांडून बघायचं आहे. पंचवीस वर्षं मी वाक्यं लिहिलीच नाहीत, हुकूम लिहिले.

चिपच्या पोटात आठ खण. चालू कामातले आकडे त्यांत ठेवायचे. सेन्सर वाचणारा माझा भाग मध्येच घुसतो, तेव्हा त्याने कोणत्याही खणाला हात लावायचा असेल तर आधी आतलं जपून ठेवावं आणि जाताना जिथल्या तिथे ठेवावं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात काम केलं तर ओटा जसा होता तसा करून बाहेर पडतो, तसंच. माझा भाग पाच खण इमानदारीने जपत होता. सहावा जपत नव्हता. सातवा-आठवा त्याला लागतच नव्हते. मेमरी तेव्हा इतकी थोडी होती की दोन ओळी वाचवता आल्या तर मला आनंद व्हायचा. मी ठरवलं होतं, सहावा खण फक्त या भागाचा, बाकी प्रोग्रामने त्याला शिवायचं नाही. सगळा प्रोग्राम मी एकटीने लिहिलेला, त्यामुळे नियम मोडणारं कोणी नव्हतंच. आणि तो नियम मी कुठेही लिहून ठेवला नाही.

मग तू आलीस आणि निर्णयाचा भाग सीमध्ये लिहिलास. सुरेख लिहिला होतास. तेव्हा म्हटलं नाही, आता म्हणते. तुझ्या कंपायलरने आठही खण आपलेच समजून वापरले, आणि त्याचं काहीच चुकलं नाही. कमाल तापमानाचा आकडा त्याने नेमका सहाव्या खणात ठेवला.

तरी आठ महिने काही झालं नाही. कारण माझा भाग सहाव्या खणाला हात लावायचा तो फक्त सेन्सरने वेडावाकडा आकडा दिला तर. आपल्या चाचणीच्या टेबलावर सेन्सरची वायर कधी कोणी ओढली नाही. त्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरने बाळाला कुशीवर वळवलं आणि वायरीला हिसका बसला. सहाव्या खणात भलताच मोठा आकडा आला. तुझ्या कोडला वाटलं, कमाल मर्यादा अजून खूप लांब आहे. हीटर चालूच राहिला. गजरही त्याच आकड्याशी ताडून बघत होता, म्हणून वाजला नाही. सिस्टरने पेटीत हात घातला म्हणून बाळ वाचलं. पाठ आणि डावा दंड भाजायचा तो भाजलाच.

चौकशीत मला विचारलं, “जुन्या भागात दोष असू शकतो का?” मी म्हटलं, “जुना भाग चौदा वर्षं चालतो आहे.” अगदी खरं वाक्य. त्या खऱ्या वाक्याने तुझा गळा कापला. अहवालात आलं, ‘नव्या भाषेत लिहिलेल्या भागातील दोष’. आणि खाली तुझं नाव.

तू मला कपाटापाशी विचारलंस, “मावशी, तुझ्या भागात काही असेल का गं? एकदा दोघी मिळून बघूया?” माझ्या प्रोग्रामचे छापील कागद त्या कपाटात होते आणि किल्ली माझ्या कमरेला. मी म्हणाले, “माझं तपासण्याइतकी मोठी झालीस का तू?”

तेव्हा मला ठाऊक नव्हतं, एवढं तरी मान. खरंच नव्हतं.

तू गेल्यावर तुझा भाग काढून टाकला आणि मी तो असेंब्लीत नव्याने लिहायला घेतला. चार महिन्यांनी, एका दुपारी, एका जागी मला आणखी एक खण हवा होता. बाकीचे सातही भरलेले. मी उगाच आकडे इकडून तिकडे हलवत बसले होते. आणि एकदम लक्षात आलं की माझा हात सहावा खण टाळतो आहे. आपोआप. बाई, का टाळते आहेस? मी स्वतःलाच विचारलं, आणि उत्तर येताच खुर्चीत बसल्या बसल्या पाचावर धारण बसली.

दोन ओळी घालायच्या होत्या. पण वहीत कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण एकच होतं. तेव्हा मी स्वतःची समजूत काढली. आता पुन्हा सगळा प्रोग्राम माझ्या हातचा, सहाव्या खणाला कोणी शिवत नाही, म्हणजे चूक उरलीच नाही. छापील प्रोग्रामचं लिस्टिंग मिटलं, कपाटात ठेवलं, किल्ली कमरेला लावली. तुला पत्र लिहायला नंतर अकरा वर्षं होती.

चूक अजून तिथेच आहे. चष्मेवाली तिच्या शेजारी तुझ्यासारखंच, नीट, स्वच्छ कोड लिहिते आहे. दोनशे पेट्या.

असेंब्ली वाईट आणि सी चांगली, असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही, तेवढा हट्ट राहू दे. दुभाष्यांच्याही चुका मी पकडल्या आहेत. पण तुझ्या भाषेत नियम कुठेतरी लिहावा लागतो, दुसऱ्याला दिसेल असा. माझा नियम माझ्या मनगटात होता. तू म्हणायचीस, वाचणार कोण. मनगट कोण वाचणार?

माफी मागत नाही. आधी चोवीस तारीख होऊ दे.

मावशी

२५ जून

भिंगरी,

सांगितलं.

टेबलाभोवती सात माणसं होती. मोठे साहेब, चष्मेवाली, तिचे दोन सहकारी, कायद्याचे एक गृहस्थ, बाळांचे एक डॉक्टर आणि मी. मी लिहून नेलेलं मत वाचलं नाही. फळ्यावर आठ चौकोन काढले आणि सहाव्यावर बोट ठेवलं. रेघा वाकड्या आल्या. साहेब मायेने म्हणाले, “मॅडम, बसून बोला.” मी उभ्यानेच बोलले.

माझं संपल्यावर चष्मेवालीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिला तीस सेकंदांत सगळं कळलं होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं. डॉक्टरांना वेळ लागला.

“थांबा,” ते म्हणाले. “म्हणजे त्या मुलीचा दोष नव्हता?”

“नव्हता.”

“आणि हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

सांगितलं. कायद्याच्या गृहस्थांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

साहेब मला पंचवीस वर्षं ओळखतात. त्यांनी मला वाचवायचा प्रयत्न केला, हे तुला सांगायला हवं. म्हणाले, “मॅडम, दोन ओळी आज घालू. वहीत ‘सुधारणा’ लिहू. जुनं उकरून कोणाचं भलं होणार आहे?” मला क्षणभर वाटलं, लिहू देत. अगदी खरं सांगते, वाटलं. माझ्यावरचा भार निघाला होता, पेट्या सुरक्षित होत होत्या, आणि घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटत होतं.

तेवढ्यात चष्मेवाली हळूच म्हणाली, “सर, त्या मॅडम आता कुठे असतात?”

मी म्हटलं, “शाळेत गणित शिकवते. तिने परत यंत्रासाठी एक ओळही लिहिली नाही.” आणि वही पुढे ओढली. ‘का’च्या रकान्यात माझ्या हाताने लिहिलं, ‘मूळ लेखिकेची चूक. चार महिन्यांत कळली, अकरा वर्षं लपवली. अहवालातलं नाव चुकीचं आहे.’ रकाना पुरला नाही, समासात गेले. शेजारी चष्मेवालीने सही केली. तिसरी सही लागत नाही, पण डॉक्टरांनी मागून घेऊन केली.

कारखान्याकडून तुला पत्र येईल, अहवाल दुरुस्त केल्याचं. कायदेशीर भाषा असेल, मनावर घेऊ नकोस. माझं पुढे काय व्हायचं ते होईल. ताईला काल सांगितलं. ती फोनवर म्हणाली, “माझी मुलगी हसायची विसरली आणि तू शेजारी बसून बघत होतीस,” आणि फोन ठेवला. माझी पत्रं तुला मिळतात, पण तू ती उघडतेस की नाही हे तिलाही माहीत नाही.

त्या बाळाच्या आईवडिलांना कळवायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. कारखाना पत्र पाठवणार होता. मी म्हटलं, मी जाते.

मावशी

२ जुलै

भिंगरी,

पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘हे माझ्याबद्दल नाही’ असं मुद्दाम लिहिलं आहे, म्हणजे हे एक तरी उघडशील. ताईच्या हातीच देते आहे. माझ्याशी बोलत नाही, पण पोचवीन म्हणाली. आधीची चार न वाचता टाकली असशील तर त्यातलं एकच वाक्य पुरे. पेटीतली चूक माझी होती, तुझी कधीच नव्हती.

काल मी त्या घरी गेले. वडील कामावर होते. आई घड्याळं दुरुस्त करते. खिडकीशी छोटं टेबल, डोळ्याला भिंग, पांढऱ्या कागदावर चाकं मांडलेली. मला समोरची खुर्ची दिली आणि हातातलं काम न थांबवता म्हणाली, “बोला.” मी बोलले. बाईला दाते आणि कमानी कळतात, तिला सगळं कळलं.

“चूक आपली होती हे कळायला अकरा वर्षं लागली?” तिने विचारलं.

“कळायला चार महिने लागले. बाकीची वर्षं सांगायला.”

तिने भिंग काढलं. मला वाटलं आता मला हाकलून देईल, आणि ते योग्यच झालं असतं. तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे मुलगी जमिनीवर पालथी पडून वहीत काहीतरी सोडवत होती. बिनबाह्यांचा झगा होता. दंडावरचा डाग कोपरापर्यंत आहे, भिंगरी. मला वाटलं होतं लहान असेल.

“इथे दर रविवारी एक बाई येते,” आई म्हणाली. “ही चार महिन्यांची होती तेव्हा पहिल्यांदा आली. दारात उभी राहून म्हणाली, पेटीतली चूक माझी आहे. मी तिच्या तोंडावर दार आपटलं. पुढच्या रविवारी परत आली. दोन वर्षं मी दार उघडलं नाही आणि ती यायची थांबली नाही. मग पोरीनेच एकदा कडी काढली. आता गणित शिकवते. ही तिच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही.”

ताईला वाटतं तू रविवारी शिकवणीला जातेस. मी दर रविवारी दुपारी झोपायचे.

“तिला कळवलंत?” आईने विचारलं.

“कळवलंय. तिने वाचलं की नाही माहीत नाही.”

ती टेबलावरची चाकं बोटाने सारखी करत होती. मला ती शिव्या देईल, रडेल, कारखान्याविरुद्ध काही म्हणेल, सगळ्याची तयारी करून गेले होते. ती म्हणाली, “म्हणजे आता तिला इथे यायचं काही कारण उरलं नाही.”

आणि मग, आवाज खाली घेऊन, मुलीला ऐकू जाऊ नये असा, “ती यायची थांबेल का हो?”

मी म्हटलं, “तिलाच विचारते.”

म्हणून हे पत्र. उत्तर मला लिहू नकोस, मला ते मागायचा हक्क नाही. रविवारला चार दिवस आहेत. मुलीचे अपूर्णांक अर्धेच झाले आहेत.

मावशी